केशरी कार्डावरचं धान्य नेमकं कुठं अडतं

सोलापुरात रेशन दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परतणाऱ्याला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, 'तुमचं नाव ऑनलाइन दिसत नाही.' उत्तर एक असलं तरी कारणं वेगवेगळ्या काळातली आहेत. आपलं धान्य त्यातल्या कुठल्या कारणानं अडलंय हे कळल्याशिवाय केलेल्या चकरा वाया जातात.

केंद्रानं 1997 मध्ये सरसकट रेशन बंद करून गरिबांसाठी वेगळा दर आणला. त्यातून महाराष्ट्रात 1 मे 1999 पासून तिरंगी कार्डं आली. ढोबळ हिशेब असा, की वर्षाला 15 हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, 1 लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. हे रंग लोकांच्या डोक्यात इतके पक्के बसलेत, की 'केशरी आहे ना, मग धान्य का नाही?' हा प्रश्न आजही रोज विचारला जातो.

रंगाची ती सत्ता राज्यात 1 फेब्रुवारी 2014 ला संपली. त्या दिवसापासून राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचे दोनच गट धान्याला पात्र ठरले. अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला महिन्याला 35 किलो, घरात माणसं कितीही असोत. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. केशरी कार्डांपैकी शहरात 59 हजार आणि ग्रामीण भागात 44 हजारांच्या आत उत्पन्न असलेली कुटुंबं निवडून त्यांच्या कार्डावर शिक्का मारला गेला. शिक्का नसलेलं केशरी कार्ड खरं असतं, पण त्यावर हे धान्य येत नाही.

उत्पन्न बसत असूनही नाव लागत नाही, त्याचं कारण इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थी संख्या. राज्याला सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांची मर्यादा आहे आणि ती 2011 च्या लोकसंख्येवर बेतलेली आहे. त्यानंतर जन्मलेली मुलं आणि नव्यानं गरीब झालेली घरं त्याच मर्यादेत बसवावी लागतात. कुणाचं नाव मृत्यूमुळे, स्थलांतरानं किंवा स्वतः हक्क सोडल्यानं कमी झालं, तरच जागा निघते. हा अन्याय दुकानदाराच्या हातात नाही. म्हणून अर्ज आजच द्यावा आणि तारखेसह पोच घ्यावी.

सोलापूरजवळच्या कुंभारीचं उदाहरण इथल्या विडी कामगार महिलांसाठी फार महत्त्वाचं आहे. तिथली 2006 मधली गोदूताई परुळेकर वसाहत आणि 2024 मध्ये घरांचा ताबा सुरू झालेलं रे नगर, दोन्ही दक्षिण सोलापूर तालुक्यात येतात. शहरातून तिकडं राहायला गेलेल्या घराचं कार्ड अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याच्या कक्षेतून तहसीलच्या पुरवठा शाखेकडं जातं, आणि उत्पन्नाची ग्रामीण मर्यादा लागू होऊ शकते. हे सांगणारं कुणी भेटत नाही, आणि दोन कार्यालयांमध्ये महिने जातात. पोर्टेबिलिटीमुळे बारा अंकी आरसी (रेशन कार्ड) क्रमांकावर कुठल्याही दुकानातून धान्य उचलता येतं, पण पत्ता बदलण्याचं काम त्यानं होत नाही.

आणखी एक गैरसमज शेजारच्या धाराशिव जिल्ह्यामुळे होतो. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना 2015 पासून वेगळं धान्य मिळालं, 2023 पासून त्याऐवजी खात्यात पैसे. सोलापूर त्या यादीत नाही. तुळजापूरच्या पाहुण्याला मिळतं ते अक्कलकोटला मिळत नाही, ते यामुळे.

पात्र असूनही धान्य कमी येतं, तिथं बहुधा आधार आडवा येतो. पाच जणांच्या कार्डावर 25 किलो हवं; 15 च मिळालं तर दोन युनिटांची, म्हणजे कार्डावरच्या दोन माणसांची, ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) राहिलेली असू शकते. लहानपणी आधार काढलेल्या मुलाचे ठसे वयाच्या पाच वर्षांनंतर अद्ययावत करावे लागतात, नाहीतर मशीन त्याला ओळखत नाही. वर्षानुवर्षं तेंदूपानं वळून बोटांच्या रेषा झिजलेल्या बायकांचा अंगठा तर लागतच नाही. अशा वेळी दुसरी बोटं, बुबुळाचं स्कॅन, आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी हे मार्ग मागून घ्यावेत. आधार नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, नोंदवहीत नोंद करून द्यावं, हे केंद्रानं 24 ऑक्टोबर 2017 च्या पत्रात स्पष्ट सांगितलं आहे. या पत्राचा तारखेसह उल्लेख अर्जात करावा.

तक्रारीआधी दर महिन्याची पावती जपा. पावतीवर 25 आणि पिशवीत 20 असेल तर दोष दुकानात. पावतीवरच 15 असेल तर दोष नोंदीत. नाव वाढवायला नमुना 8, कमी करायला 9, इतर बदलाला 14. शहरात परिमंडळ कार्यालय, तालुक्यात तहसील. तिथं हललं नाही तर 1967 वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या आणि त्या क्रमांकासह जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं लेखी जा. कायद्याच्या कलम 15 नुसार हे पद आहे, आणि त्यांच्या निर्णयावर राज्य अन्न आयोगाकडं अपील होतं. तक्रार निवारण अधिकाऱ्यानं सांगितलेला दिलासा विनाकारण न देणाऱ्या कर्मचाऱ्याला आयोग 5 हजारांपर्यंत दंड करू शकतो. पात्र माणसाला धान्य पुरवलंच नाही, तर कलम 8 खाली अन्न सुरक्षा भत्ता, म्हणजे धान्याऐवजी पैसे, मागता येतो. तो मागणारे फार थोडे, म्हणून अर्जात तो वेगळ्या ओळीत लिहावा.