ब्रुसिलोव्ह, अलेक्सी अलेक्सेयेविच

(३१ ऑगस्ट १८५३ – १७ मार्च १९२६). रशियन साम्राज्याच्या घोडदळाचा जनरल, पहिल्या महायुद्धातील आठव्या आर्मीचा आणि पुढे नैर्ऋत्य आघाडीचा सेनापती. १९१६ च्या उन्हाळ्यात गॅलिसिया आणि व्होलिनिया या प्रांतांत त्याने केलेली चढाई त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्या युद्धातल्या लढायांना सहसा गावांची नाहीतर नद्यांची नावे मिळाली. माणसाचे नाव मिळण्याचा मान विरळा. सुरुवातीला तिलाही ‘लुत्स्कची मुसंडी’च म्हणत. गंमत अशी, की आयुष्यातली चाळीसेक वर्षे घोड्याच्या पाठीवर काढलेल्या या माणसाचा सर्वांत मोठा विजय फावडे, काटेरी तार कापायच्या कात्र्या आणि तोफांची नेमकी मोजमापे यांच्या जोरावर मिळालेला आहे. घोडे त्यात जवळपास बिनकामाचेच ठरले.

(येथील तारखा आजच्या कॅलेंडरप्रमाणे दिल्या आहेत. १९१८ पर्यंत रशियात जुने ज्युलियन कॅलेंडर चालू होते. ते एकोणिसाव्या शतकात १२ आणि विसाव्यात १३ दिवसांनी मागे असे, म्हणून रशियन ग्रंथांत याच घटनांच्या तारखा वेगळ्या दिसतात.)

ब्रुसिलोव्हचा जन्म तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियातील त्बिलिसीचा. वडील लेफ्टनंट जनरल, आई पोलिश. लहानपणीच दोघेही गेले आणि कुताइसी येथे मावशीच्या घरी त्याचे संगोपन झाले. १८६७ ते १८७२ या काळात तो सेंट पीटर्सबर्गच्या पेज कोअरमध्ये शिकला. या संस्थेत बड्या घरची मुले जात आणि बाहेर पडली की गार्ड पलटणींत दाखल होत. गार्ड अधिकाऱ्याचा डामडौल पगारात भागत नसे आणि ब्रुसिलोव्हच्या गाठीला पैसा नव्हता. तो परत कॉकेशसकडे वळला आणि त्व्हेर ड्रॅगून रेजिमेंटमध्ये रुजू झाला. ड्रॅगून म्हणजे घोड्यावरून रणांगण गाठणारा आणि गरज पडली तर पायउतार होऊन बंदुकीने लढणारा स्वार. पुढच्या कारकिर्दीकडे पाहिले, तर ही सुरुवात अगदीच योगायोगाची वाटत नाही.

१८७७–७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात तो रेजिमेंटचा अ‍ॅड्ज्युटंट, म्हणजे प्रमुखाचा सहायक अधिकारी, होता. युद्ध जाहीर झाले त्याच रात्री त्याच्या रेजिमेंटने अर्पाचाय नदी ओलांडून तुर्की सीमाचौकीला वेढा घातला आणि शिपायांना झोपेतच गाठले. त्यानंतर अर्दहान आणि कार्स या किल्ल्यांच्या मोहिमांत तो होता. युद्ध संपेपर्यंत तीन पदके मिळाली. त्यानंतर १९१४ पर्यंत, छत्तीस वर्षे, त्याने एकही लढाई पाहिली नाही. १९०४–०५ च्या जपानविरुद्धच्या युद्धातही तो नव्हता. जनरल स्टाफ अकादमीची पायरीही तो कधी चढला नाही, आणि त्या काळच्या रशियन सैन्यात ही उणीव लहान समजली जात नसे.

ही मधली वर्षे गेली सेंट पीटर्सबर्गच्या घोडदळ अधिकारी विद्यालयात. १८८१ मध्ये तो तेथे शिकायला गेला, नंतर शिकवू लागला, आणि १९०२ मध्ये प्रमुख झाला. सैन्यात या संस्थेला थट्टेने ‘घोड्यांची अकादमी’ म्हणत. जेम्स फिलिस हा युरोपभर नावाजलेला अश्वशिक्षक तेथे होता. १९०३ मध्ये आदर्श स्क्वॉड्रनचे नेतृत्व करायला कार्ल मानरहाइम नावाचा एक फिनिश अधिकारी आला, जो पुढे फिनलंडचा राष्ट्राध्यक्ष झाला. शिकवण्याच्या पद्धतीत रिंगणातल्या डौलदार चालींइतकाच भर उघड्या मैदानावर होता. पोस्ताव्ही येथे शिकारी कुत्र्यांमागे घोडे पिटाळत अधिकारी कुंपणे, ओढे, खड्डे ओलांडत. हाडे मोडत, तक्रारी होत, पण ब्रुसिलोव्हने हा प्रकार बंद केला नाही, उलट वाढवला. घोडदळाचा महानिरीक्षक असलेला ग्रँड ड्यूक निकोलाय निकोलायेविच याचा त्याच्यावर वरदहस्त होता. म्हणूनच टीकाकार त्याला ‘अश्वशिक्षक’ आणि दरबारी म्हणून हिणवत. दुसरा आरोप अगदीच खोटा नसावा.

१९०६ मध्ये दुसरी गार्ड घोडदळ डिव्हिजन, १९०९ मध्ये लुब्लिनची चौदावी कोअर (कोअर म्हणजे काही डिव्हिजनांचे मिळून दल), १९१२ मध्ये वॉर्सा लष्करी विभागाच्या प्रमुखाचा सहायक अशा पायऱ्या चढत डिसेंबर १९१२ मध्ये तो ‘घोडदळाचा जनरल’ झाला. या पदनामाने वाचकाची फसगत होऊ शकते. रशियात पूर्ण जनरलचा हुद्दा पायदळाचा, तोफखान्याचा किंवा घोडदळाचा अशा नावांनी दिला जाई. अधिकारी कुठल्या दलातून वर आला एवढेच त्यातून कळे. त्याच्या हाताखाली घोडेच असतील असे नाही. ब्रुसिलोव्हच्या हाताखाली यानंतर मुख्यतः पायदळच राहिले. १९१३ मध्ये तो विनित्साच्या बाराव्या कोअरवर आला.

१९१० मध्ये त्याने दुसरे लग्न केले. पत्नी नादेझ्दा झेलिखोव्स्काया ही थिऑसॉफीच्या प्रवर्तक हेलेना ब्लाव्हाट्स्की यांची भाची. ब्लाव्हाट्स्की १८७९ मध्ये मुंबईत येऊन राहिल्या होत्या आणि १८८२ च्या अखेरीस अड्यारला जाईपर्यंत त्यांच्या सोसायटीचा कारभार मुंबईहूनच चाले. स्वतः ब्रुसिलोव्हलाही गूढविद्येचे आकर्षण होते. तो ऑर्थोडॉक्स श्रद्धाळूही होता. त्याला या दोन्हींत विसंगती दिसली नाही.

१९१४ च्या उन्हाळ्यात हे जोडपे जर्मनीतील किसिंगेन येथे औषधी पाण्याच्या उपचारांसाठी गेले होते. एका संध्याकाळी बागेत उत्सव होता, मध्यभागी मॉस्कोच्या क्रेमलिनची प्रतिकृती उभारलेली. आतषबाजी सुरू झाली आणि बुरूज एकामागून एक पेटून कोसळले. जमलेले लोक टाळ्या वाजवत होते. ब्रुसिलोव्हने आपल्या आठवणींत हा प्रसंग बारकाईने लिहिला आहे. काही आठवड्यांत युद्ध सुरू झाले.

ऑगस्ट १९१४ मध्ये आठव्या आर्मीसह त्याने झ्ब्रुच नदी ओलांडून ऑस्ट्रियाच्या गॅलिसियात प्रवेश केला, ग्निला लिपा नदीवर शत्रूला हटवले आणि हालिच घेतले. या मोहिमेसाठी त्याला सेंट जॉर्जचे चौथ्या आणि तिसऱ्या श्रेणीचे पदक मिळाले. या आर्मीतले हाताखालचे सेनानी पाहण्यासारखे आहेत: कालेदिन, कोर्निलोव्ह, देनिकिन. तिघेही पुढे बोल्शेविकांविरुद्ध उभे राहिले. ग्रोदेकजवळच्या झुंजीत रांग तुटू लागली, तेव्हा कालेदिनच्या बाराव्या घोडदळ डिव्हिजनला त्याने ‘मरा, पण एकदम नको, संध्याकाळपर्यंत’ अशा अर्थाचा हुकूम दिल्याचे सांगतात. डिव्हिजनचे स्वार घोड्यांवरून उतरून लढले आणि रांग टिकली.

पुढची हकिगत कार्पेथियनच्या बर्फाची आणि नंतर माघारीची. मे १९१५ मध्ये गोर्लिस-तार्नुव्ह येथे जर्मनांनी फळी फोडली. रशियाकडे तोफगोळे नव्हते, नव्या भरतीच्या शिपायांना रायफली पुरत नव्हत्या. २२ जूनला लव्होव्ह गेले. याच दिवसांत शरण जाणाऱ्या आपल्याच शिपायांवर मागून मशीनगन चालवा, असे हुकूम ब्रुसिलोव्हने काढले. मृदू बोलणारा, सडपातळ, मिशांना पीळ देणारा हा जनरल शिस्तीच्या बाबतीत निष्ठुर होता, हे त्याचे गुणगान करणारे सहसा सांगत नाहीत.

मार्च १९१६ मध्ये इव्हानोव्हच्या जागी तो नैर्ऋत्य आघाडीचा सेनापती झाला. १४ एप्रिलला मोगिल्योव्हच्या मुख्यालयात झारच्या अध्यक्षतेखाली बैठक भरली. मुख्य घाव पश्चिम आघाडीच्या एव्हर्टने घालावा आणि दक्षिणेने आपली जागा राखावी, असा बेत होता. एव्हर्ट आणि उत्तरेचा कुरोपाटकिन दोघेही चढाईला नाखूश होते. ब्रुसिलोव्हने मात्र मलाही चढाई करू द्या, जादा कुमक मागत नाही, असे सांगितले. बैठकीनंतर जेवायला जाताना कुरोपाटकिनने, नुकतीच नेमणूक झाली आहे, आता कशाला जोखीम पत्करता, असे त्याला समजावल्याची नोंद ब्रुसिलोव्हनेच केली आहे.

त्याच्याकडे सुमारे ५,७३,००० पायदळ होते, समोर ४,४८,०००. जड तोफांत तो बराच मागे होता: १६८ विरुद्ध ५४५. एवढ्या बळावर नेहमीच्या पद्धतीने चालणार नव्हते. नेहमीची पद्धत म्हणजे एका ठिकाणी सगळ्या तोफा गोळा करायच्या आणि काही दिवस भडिमार करायचा. तेवढ्यात शत्रूला जागा कळते आणि राखीव फौज तेथे येऊन बसते. ब्रुसिलोव्हने चारही आर्म्यांना आणि शिवाय प्रत्येक कोअरला आपापली जागा निवडून तयारी करायला लावली. सुमारे ४५० किलोमीटरच्या आघाडीवर वीसहून अधिक ठिकाणी माती उपसली जाऊ लागली. खरा घाव कुठे पडणार हे फितुरांनाही सांगता येईना.

तयारीत कल्पनेपेक्षा कष्ट अधिक होते. शिपाई रात्री खंदक खणत खणत पुढे सरकत आणि शत्रूच्या तारांपासून दोन-तीनशे पावलांवर पोहोचत, म्हणजे हल्ल्याच्या वेळी उघड्यावर धावायचे अंतर कमी राही. विमानांतून छायाचित्रे काढली गेली, त्यांवरून नकाशे छापून खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत वाटले गेले. पिछाडीला शत्रूच्या खंदकांच्या प्रतिकृती खणून त्यांवर तुकड्यांचा सराव झाला. तोफखान्याचे अधिकारी पायदळाच्या पुढच्या खंदकात जाऊन बसले आणि कुठल्या तोफेने कुठली तार तोडायची, कुठले मशीनगनचे घरटे उडवायचे, हे आधीच ठरवले. मग लाटांमागून लाटा: पहिली पहिल्या खंदकावर न थांबता दुसऱ्यावर जायची, मागची खंदक साफ करायची.

चढाईच्या आदल्या रात्री मुख्यालयातून झारचा चीफ ऑफ स्टाफ अलेक्सेयेव्ह याने तारयंत्रावर गाठले: काही दिवस थांबा, एकाच ठिकाणी घाव घाला, झारचीही तशीच इच्छा आहे. ब्रुसिलोव्हने नकार दिला. हवे तर मला बदला, म्हणाला. झार झोपले आहेत, उठवता येणार नाही, असे उत्तर आले. त्यांच्या झोपेशी मला कर्तव्य नाही, मला उत्तर आत्ताच हवे, असे याने कळवले. शेवटी अलेक्सेयेव्हने, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, म्हणून विषय संपवला. ही हकिगत ब्रुसिलोव्हच्याच लेखणीतली आहे, हे ध्यानात ठेवून वाचावी. आठवणींत तो स्वतः फारसा कुठे चुकत नाही.

४ जून १९१६ ला तोफा सुरू झाल्या. ऑस्ट्रियाने इटलीवर त्रेंतिनोत हल्ला चढवल्यामुळे इटलीने मदतीसाठी धावा केला होता, म्हणून मुहूर्त अलीकडे आणला होता. कालेदिनच्या आठव्या आर्मीसमोर ऑस्ट्रियाची चौथी आर्मी कोसळली आणि ७ जूनला लुत्स्क हाती आले. तिचा सेनापती आर्चड्यूक योझेफ फर्डिनांड याची उचलबांगडी झाली. दक्षिणेत लेचित्स्कीच्या नवव्या आर्मीने १८ जूनला चेर्निव्हत्सी घेतले. रशियन हिशेबाप्रमाणे मोहीम संपेपर्यंत चार लाखांहून अधिक युद्धकैदी झाले.

घोडदळाचे खरे काम येथे होते. फळी फुटल्यावर भगदाडातून आत शिरायचे, कोव्हेलच्या रेल्वे जंक्शनकडे धडकायचे, पिछाडी उधळायची, हे काम गिलेनश्मिटच्या चौथ्या घोडदळ कोअरला दिलेले होते. कोअर पुढे सरकलीच नाही. दलदल, तारा आणि मशीनगन यांपुढे स्वार थांबले आणि वेळ हातचा गेला. ब्रुसिलोव्हने याबद्दल पुढे कडवटपणे लिहिले. मात्र ज्याने आयुष्यभर अधिकाऱ्यांना कुंपणांवरून घोडे उडवायला शिकवले, त्याने तारेचे कुंपण घोड्याला ओलांडता येत नाही, हे आधीच धरून चालायला हवे होते, असे म्हणणेही गैरवाजवी नाही.

एव्हर्टने चढाई पुढे ढकलत नेली आणि जुलैत बारानोविचीला केलेला हल्ला फसला. तोवर जर्मन कुमक रेल्वेने कोव्हेलला पोहोचली होती. यानंतर ब्रुसिलोव्हने केले ते त्याच्या कीर्तीला शोभत नाही. स्तोखोद नदीच्या चिखलातून तो पुनःपुन्हा कोव्हेलवर धडका मारत राहिला. निवडक गार्ड पलटणींची आर्मी त्या दलदलीत चिरडली गेली. रशियाची एकूण हानी किती, यावर इतिहासकारांचे आकडे पाच लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातात. ऑस्ट्रियाचे सैन्य यानंतर जर्मनांच्या आधाराशिवाय उभे राहू शकले नाही, इटलीवरचा दाब सुटला आणि ऑगस्टअखेर रुमानिया युद्धात उतरला. तो उतरल्याने रशियाचा फायदा होण्याऐवजी आघाडीच लांबली.

मार्च १९१७ मध्ये झारने पायउतार व्हावे या बाजूने कौल देणाऱ्या सेनापतींत ब्रुसिलोव्हही होता. ४ जूनला हंगामी सरकारने त्याला सरसेनापती नेमले. शिपायांच्या समित्यांशी तो जुळवून घेऊ पाहत होता. १ जुलैला सुरू झालेली चढाई मात्र काही दिवसांतच विरली, पलटणी लढायला नकार देऊ लागल्या, आणि १ ऑगस्टला त्याच्या जागी कोर्निलोव्ह आला. मॉस्कोत राहायला गेलेल्या या सेनापतीला दोन युद्धांत लागली नव्हती ती जखम घरात बसून झाली. नोव्हेंबरात बोल्शेविक उठावाच्या वेळी रस्त्यावरच्या लढाईतला तोफगोळा घरावर पडला आणि पायाचा चेंदा झाला. कित्येक महिने तो इस्पितळात होता.

मे १९२० मध्ये पोलिश फौजा किएव्हमध्ये शिरल्यावर त्याने माजी अधिकाऱ्यांना रशियाच्या रक्षणासाठी लाल सैन्यात येण्याचे आवाहन केले. परागंदा झालेल्या अधिकाऱ्यांनी त्याला कधीच माफ केले नाही. सप्टेंबरात क्रिमियातील बोल्शेविकविरोधी सैन्याचा सेनापती व्रांगेल याच्या अधिकाऱ्यांना अभय देणाऱ्या पत्रकावर लेनिन, ट्रॉट्स्की यांच्याबरोबर त्याचे नाव होते. क्रिमिया पडल्यावर शरण आलेल्यांना मोठ्या संख्येने गोळ्या घालण्यात आल्या. १९२३ मध्ये तो लाल सैन्याच्या घोडदळाचा निरीक्षक झाला, म्हणजे फिरून पागेकडेच आला, आणि १९२४ मध्ये निवृत्त झाला. मॉस्कोत न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. नोव्होदेविची मठाच्या आवारात त्याला पुरले.

त्याच्या आठवणींचा पहिला भाग १९२९ मध्ये मॉस्कोत छापला गेला आणि दुसऱ्या महायुद्धात, रशियन सेनापतींचे गोडवे गायचे दिवस होते तेव्हा, पुन्हा काढला गेला. बोल्शेविकांवर जळजळीत लिहिलेला दुसरा भाग चेकोस्लोव्हाकियात होता. युद्धानंतर तो सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हाती लागला, आणि त्यापुढची काही वर्षे सोव्हिएत पुस्तकांत ‘ब्रुसिलोव्हची चढाई’ पुन्हा ‘नैर्ऋत्य आघाडीची चढाई’ झाली.