अग्निशामक प्रशिक्षण (महाराष्ट्र)

अग्निशामक प्रशिक्षण म्हणजे आग विझवणं, अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं आणि मुळात आग लागूच नये म्हणून इमारती तपासणं या तिन्ही कामांचं शिक्षण. सरकारी कागदात 'अग्निशामक' लिहितात, गावात अजून 'बंबवाले' म्हणतात आणि स्टेशनात सगळे फायरमनच म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की इथे धाडस शिकवतात, पण खरं तर बराचसा वेळ सवय लावण्यात जातो, म्हणजे धुरात डोळ्यांना काही दिसत नसताना आणि डोकं बधिर झालेलं असताना हातांनी आपोआप बरोबर काम करावं एवढ्यासाठी तीच ती गोष्ट शंभरदा करून घेतात.

देशातली मुख्य संस्था आपल्याकडेच आहे, नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. १९५६ साली ते उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं, पुढच्याच वर्षी नागपूरला आलं, आणि ते केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. वेगवेगळ्या राज्यांतले अधिकारी तिथे शिकायला येतात आणि फायर इंजिनिअरिंगची पदवीही तिथे मिळते. अनेक वर्षं तिथे फक्त मुलंच होती, २००२ मध्ये नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला तेव्हा त्या कॉलेजातली पहिली मुलगी ठरल्या, आणि पुढे ओएनजीसीत गेल्या. राज्य सरकारचं केंद्र मुंबईत कलिन्याला विद्यानगरीत आहे. तिथे दहावीवाल्यांसाठी सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स असतो आणि पदवीधरांसाठी एक वर्षाचा उपस्थानक अधिकारी व अग्नि प्रतिबंधक अधिकारी कोर्स.

भरतीची मैदानी चाचणी हा वेगळाच प्रकार आहे. मुंबई महापालिकेच्या अलीकडच्या भरतीत पुरुषांना १७२ आणि महिलांना १६२ सेंटिमीटर उंचीची अट होती, आणि धावणं झालं की १९ फुटांवरून जंपिंग शीटमध्ये (खाली ताणून धरलेल्या कापडात) उडी, ५० किलोचा मानवी पुतळा खांद्यावर घेऊन पळणं वगैरे. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं इथेही येतात, धावण्यात पास होतात आणि उडीच्या वेळी वरून खाली बघितलं की थबकतात.

कोर्सची सुरुवात अगदी कंटाळवाणी असते. सकाळी पीटी, परेड, मग होज ड्रिल. होज म्हणजे कापडी पाइप, तो गुंडाळायचा, उलगडायचा, जोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. पाण्याने भरलेला पाइप किती जड होतो आणि पंपाचं प्रेशर वाढलं की पुढची नळी हातातून कशी निसटायला बघते हे पुस्तकात कळत नाही. म्हणून नळी दोघांनी धरायची आणि वाल्व हळूहळू उघडायचा. मग शिडी, दोरखंड, गाठी (बोलाइन, क्लोव्ह हिच, माणूस खाली उतरवायची खुर्चीगाठ), पंप चालवणं. हुक लॅडर नावाची एक शिडी असते, वरच्या खिडकीच्या कठड्यात आकडा अडकवायचा, चढायचं, कठड्यावर बसायचं, शिडी ओढून पुढच्या मजल्याला लावायची. आता टर्नटेबल लॅडर (गाडीवरच्या फिरत्या उंच शिड्या) आहेत, तरी हे करून घेतात कारण उंचीची भीती यातच मोडते.

खरी परीक्षा बीए सेटची, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरची. लोक याला ऑक्सिजन म्हणतात ते चूक आहे, आत साधी दाबलेली हवा असते. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की साधारण २०४० लिटर हवा होते, मिनिटाला ४० लिटर धरली तर ५१ मिनिटं, पण जिने चढताना आणि माणूस ओढताना घाबरलेला गडी त्याहून कितीतरी जास्त हवा ओढतो, मग अर्ध्या तासातच हवा संपत आल्याची शिट्टी वाजायला लागते. ती शिट्टी वाजायच्या आधीच परतीचा रस्ता धरायचा असतो. आत जाणाऱ्याचा टॅग दारावरच्या माणसाकडे राहतो, तो कोण किती वाजता आत गेला ते लिहून ठेवतो. धुराच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीला हात लावून गुडघ्यांवर सरकत पुढे जायचं आणि हात भिंतीवरून काढायचा नाही, कारण तोच परतीचा रस्ता.

थिअरीही रटाळ नसते, फक्त ती नीट समजून घ्यावी लागते. पाणी वाफ होताना जवळपास १७०० पट फुगतं, म्हणून बंद खोलीत आंधळेपणाने पाणी मारलं तर आग राहते बाजूला आणि वाफेने आपलेच लोक भाजतात. जळत्या तेलावर पाणी नाही. गॅस गळून पेटला असेल तर आधी वाल्व बंद करायचा, नुसती ज्योत विझवली तर गॅस साठत राहतो आणि मग ठिणगी पडली की स्फोट. त्यातही एलपीजी हवेपेक्षा जड म्हणून खाली जमिनीलगत साचतो, पाइपचा नैसर्गिक गॅस हलका म्हणून वर चढतो, दोन्हींना एकच नियम लावून चालत नाही.

'आत काय भरलंय' हा पहिला प्रश्न का विचारायचा याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईचंच आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाला आग लागली, जहाजात कापूस आणि स्फोटकं एकत्र होती (सोन्याच्या विटाही), आणि स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. म्हणून १४ ते २० एप्रिल देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो. दुसरं उदाहरण ९ मे २०१५ चं, काळबादेवीची गोकुळ निवास ही जुनी इमारत आगीत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाने प्रमुखांसह चार अधिकारी गमावले, दोघं तिथेच आणि दोघं नंतर हॉस्पिटलात. जळणारी इमारत कधी सोडायची हे कोर्समध्ये शिकवतात, पण ते सगळ्यात अवघड, कारण आत कोणी अडकलंय असं रहिवासी ओरडून सांगत असतात.

नोकरी लागल्यावर कळतं की 'वर्दी', म्हणजे मदतीसाठीचा निरोप, आली म्हणजे आगच असं नसतं. झाड पडलं, लिफ्टमध्ये कोणी अडकलं, मांजात कावळा लटकला, विहिरीत गाय पडली, सगळ्याला बंबच जातो. महापालिका सोडून एमआयडीसी, रिफायनरी, विमानतळ इथेही जागा असतात. विमानतळाचं गणित वेगळं, तिथे धावपट्टीच्या टोकापर्यंत तीन मिनिटांच्या आत पोचावंच लागतं.

एक गोष्ट इथे सांगून ठेवतो कारण पोरं फसतात. 'फायर अँड सेफ्टी डिप्लोमा' नावाचे बोर्ड प्रत्येक शहरात दिसतात, पण फायर आणि सेफ्टी ही दोन वेगळी कामं आहेत. कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९४८ च्या कारखाने कायद्याखाली यायचा आणि त्यासाठी इंडस्ट्रियल सेफ्टीचा वेगळा डिप्लोमा लागतो. फी भरायच्या आधी भरतीची जुनी जाहिरात काढून त्यात कुठल्या संस्थेचं सर्टिफिकेट मागितलंय ते वाचावं.

आग लागण्याआधीचं काम राज्यात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने वाढवलं. इमारतीतली यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची, आणि ती चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे 'बी फॉर्म', वर्षातून दोनदा जानेवारीत आणि जुलैत द्यायचं. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षात आग लागून १० बाळं गेली आणि 'फायर ऑडिट' हा शब्द घराघरात पोचला. कोर्स केलेली बरीच मुलं आता बंबावर न जाता या एजन्सीत लागतात आणि जानेवारी-जुलैत सोसायटीच्या टाकीवर चढून पंप सुरू होतो का, गच्चीवरच्या हायड्रंटला (आगीसाठीच्या नळाला) पाणी येतं का आणि जिन्यात कोणी सायकली लावून ठेवल्यात का ते बघत फिरतात.