मेंदू-आघातातील ऑक्सिडीकारक क्षती

डोक्याला मार लागल्यानंतर मेंदूत मुक्त मूलकांचे (एकाकी इलेक्ट्रॉनमुळे अतिक्रियाशील असलेल्या रेणूंचे) प्रमाण एकाएकी वाढून चेतापेशींची पटले, प्रथिने व डीएनए यांची होणारी हानी. आघाताच्या क्षणी जे चिरडते ती प्राथमिक इजा; ती औषधाने भरून येत नाही. काही मिनिटांपासून काही दिवसांपर्यंत वाढत जाते ती दुय्यम इजा, आणि ही क्षती तिचाच भाग होय. पुण्यात या आघाताचे नेहमीचे निमित्त म्हणजे हेल्मेटविना दुचाकीवरून पडणे.

मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो वापरतो. त्यात सहज ऑक्सिडीभूत होणारी बहुअसंतृप्त मेदाम्ले भरपूर, तर कॅटॅलेज हे संरक्षक विकर बेताचे. आघाताने ग्लुटामेट हे चेतासंदेश वाहणारे द्रव्य पेशींबाहेर सांडते, चेतापेशींत कॅल्शियम घुसते, ते सामावून घेताना तंतुकणिका (पेशीतील ऊर्जाकेंद्रे) बिघडतात आणि सुपरऑक्साइड हे मुक्त मूलक गळू लागते.

मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइडची विल्हेवाट लावणाऱ्या सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या विकराचे कार्य उलगडले. मज्जासंस्थेच्या इजेशी मुक्त मूलकांचा संबंध त्यानंतर, बहुधा १९७० च्या दशकात, जोडला जाऊ लागला. पटलांवर प्रत्यक्ष घाव कोण घालते, यावर मात्र मतभेद आहेत. जुने मत फेंटन अभिक्रियेचे (१८९४): रक्तस्रावातील हिमोग्लोबिनमधून सुटलेले लोह हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक बनवते. अडचण अशी की हे मूलक जेमतेम नॅनोसेकंदभर टिकते. जिथे जन्मते तिथेच खर्ची पडते. १९९० मध्ये बेकमन व सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग सुचवला. सुपरऑक्साइड व नायट्रिक ऑक्साइड मिळून पेरॉक्सिनायट्राइट बनते. ते काही मिलिसेकंद टिकते, शेजारच्या पेशीपर्यंत पोचू शकते आणि मागे प्रथिनांवर नायट्रोटायरोसिनचा ठसा ठेवते. क्षती दूरवर का पसरते याचा उलगडा या मताने अधिक सहज होतो. तथापि जिथे रक्त साकळलेले असते तिथे लोहाला वगळता येत नाही.

क्षती मोजण्याची स्वस्त रीत थायोबार्बिट्युरिक आम्लाची. उंदराच्या मेंदूचे ऊतक बर्फावर, थंड बफरमध्ये घोटतात, आम्ल घालून उकळत्या पाण्यात ठेवतात आणि मेदांच्या ऑक्सिडीभवनातून उरलेल्या द्रव्यांमुळे उतरणारा गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीवर वाचतात. चुका इथेच होतात. आधी सलाइनने मेंदूतील रक्त धुतले नसेल, तर त्यातील लोहामुळे नळीतच उकळताना नवे ऑक्सिडीभवन होते आणि आकडा फुगतो. म्हणून सुरुवातीलाच ब्युटिलेटेड हायड्रॉक्सिटोल्युइन हे ऑक्सिडीभवन रोखणारे द्रव्य घालतात. काही शर्कराही असाच रंग देतात. नुसत्या या एका कसोटीवर ‘औषधाने क्षती घटली’ म्हणणारे निष्कर्ष जपूनच घ्यावेत.

उपचारांचा इतिहास निराशेचा आहे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडलेले सुपरऑक्साइड डिसम्यूटेज सुरुवातीच्या चाचणीत आशादायक वाटले, मोठ्या चाचणीत (१९९६) टिकले नाही. पटलांतील मेदांचे ऑक्सिडीभवन रोखणाऱ्या टिरिलाझाडचेही (१९९८) एकूणात तसेच झाले. मेथिलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने तर अपायच केला. ‘क्रॅश’ चाचणीत (२००४) १०,००८ प्रौढांना आघातानंतर ८ तासांच्या आत हे औषध किंवा निष्प्रभ द्रव दिला. दोन आठवड्यांतील मृत्यू अनुक्रमे २१.१ व १७.९ टक्के. तेव्हापासून मेंदूच्या गंभीर आघातात मोठ्या मात्रेतील स्टिरॉइड वर्ज्य मानतात. सिटिकोलीन रोज २,००० मिलिग्रॅम, ९० दिवस, देऊनही ‘कोब्रिट’ चाचणीत (२०१२) लाभ दिसला नाही. तरी ते लिहून दिले जाते. मुक्त मूलके टिपणाऱ्या एडाराव्होनला जपानमध्ये २००१ मध्ये मान्यता मिळाली ती रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या पक्षाघातासाठी. ते देताना मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवावे लागते. हळदीतील कर्क्युमिनचे पुरावे मुख्यतः उंदरांतले.

अपयशाचे सर्वांत पटणारे कारण वेळ हे दिसते. प्रयोगात औषध बहुधा आघातानंतर मिनिटांत टोचतात. भोर-मुळशीकडचा रुग्ण पुण्याच्या ससून रुग्णालयात पोचून सीटी स्कॅन होईपर्यंत तास उलटलेले असतात.

म्हणून प्रत्यक्ष भर ऑक्सिजन व रक्तदाब राखण्यावर असतो: रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता ९० टक्क्यांखाली जाऊ द्यायची नाही, मानेच्या मणक्याची शंका नसेल तर डोके ३० अंश वर ठेवायचे. कवटीतील दाब वाढल्यास मेंदूतील पाणी ओढून घेणारे मॅनिटॉल शिरेतून देतात, किलोमागे ०.२५ ते १ ग्रॅम. २० टक्के द्रावणाच्या १०० मिलिलिटर बाटलीत २० ग्रॅम असते. मॅनिटॉल परीक्षानळीत हायड्रॉक्सिल मूलकेही टिपते, पण त्यासाठी ते कोणी देत नाही. डिसेंबरच्या थंडीत या बाटलीत स्फटिक धरतात. तेव्हा ती गरम पाण्यात ठेवून, हलवून स्फटिक पूर्ण विरघळवतात, शरीराच्या तापमानाला येऊ देतात आणि गाळणी असलेल्या संचातूनच लावतात.