निसर्गेतिहास-ग्रंथ व त्यांचा संग्रह

प्राणी, वनस्पती, कीटक, शंखशिंपले व खनिजे यांची वर्णने आणि चित्रे असलेल्या जुन्या मुद्रित ग्रंथांना निसर्गेतिहास-ग्रंथ म्हणतात. येथे ‘इतिहास’ हा शब्द गतकाळाचा वृत्तांत या अर्थी नसून, ‘हिस्टोरिया’ या ग्रीक शब्दाच्या मूळ अर्थाने, म्हणजे चौकशी करून मिळविलेली माहिती या अर्थाने, आलेला आहे. अशा ग्रंथांच्या प्रती हुडकणे, पारखणे व जतन करणे ही ग्रंथसंग्रहाची एक जुनी आणि खर्चिक शाखा होय. कोणते पान केव्हा छापले, मूळ वेष्टन शाबूत आहे की नाही, असला कीस काढण्याची संग्राहकाची सवय एरवी छांदिष्टपणाची वाटते. या शाखेत मात्र ती शास्त्रज्ञाच्याही थेट उपयोगी पडते.

कॉनराड गेस्नर यांचा ‘हिस्टोरिया ॲनिमॅलियम’ हा प्राण्यांवरील ग्रंथ झुरिक येथे १५५१ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यातील गेंड्याचे चित्र जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर यांच्या १५१५ मधील काष्ठचित्रावरून घेतले होते. ड्यूरर यांनी गेंडा प्रत्यक्ष पाहिलेला नसल्यामुळे त्याच्या खांद्यावर एक जादा शिंग उगवले आणि पुढे कित्येक पिढ्या ते ग्रंथोग्रंथी टिकून राहिले. चित्रकर्त्री मारिया सिबिला मेरिअन यांनी मात्र १६९९ मध्ये दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला जाऊन सुरवंट, कोश व फुलपाखरू या अवस्था त्यांच्या खाद्यवनस्पतीवरच रंगविल्या. १७०५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात अशी ६० चित्रे आहेत. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ (१६७८–९३) हा ग्रंथ १२ खंडांचा असून, स्थानिक जाणकारांचा नागरी लिपीतील दाखला त्याच्या पहिल्या खंडात छापलेला आहे. लॅटिन ग्रंथाची पाने उलटताना ही ओळखीची अक्षरे अचानक समोर आली, की मराठी वाचक थबकल्याशिवाय राहत नाही.

या ग्रंथांचे मोल मुख्यतः चित्रांत असल्याने छपाईची पद्धत ओळखता येणे हा संग्राहकाचा पहिला पाठ ठरतो. ताम्रपटावरून छापलेल्या चित्राभोवती कागदावर पट दाबला गेल्याची चौकोनी खोलगट कड उमटते आणि ती बोटाला जाणवते. मेरिअन यांच्या काही प्रतींत ही कड नसते, कारण ती चित्रे ओल्या छापावर दुसरा कागद दाबून काढलेली आहेत. त्यांतील रेषा मऊ असून मूळ छापाच्या तुलनेत चित्र उलटे दिसते. शिळामुद्रणात, म्हणजे दगडावर रेखाटलेल्या चित्रावरून केलेल्या छपाईत, अशी कड उमटतच नाही आणि रेषेला खडूचा खरखरीतपणा असतो. एडवर्ड लिअर यांनी १८३०–३२ मध्ये पोपटांची ४२ चित्रे याच पद्धतीने काढली. हाताने दिलेला रंग भिंगाखाली रेषेबाहेर किंचित सांडलेला दिसतो, गडद भागांवर डिंकाची चकाकी असते, आणि जेथे शिशाचा पांढरा रंग वापरला आहे तेथे तो कालांतराने काळवंडलेला आढळतो. नंतरच्या काळात कोऱ्या चित्रांना रंग देऊन ती जुनी रंगीत म्हणून विकल्याचे प्रकारही होतात. त्यामुळे रंग अतिशय टवटवीत दिसला, की अनुभवी ग्राहकाला आनंदापेक्षा शंका अधिक येते.

महागडे ग्रंथ बहुधा वर्गणीदारांना भागाभागाने पाठवीत आणि ते पूर्ण झाल्यावर ज्याने त्याने आपल्या पसंतीने बांधून घ्यावेत, अशी रीत होती. जॉन जेम्स ऑड्युबॉन यांचा अमेरिकेतील पक्ष्यांवरील ग्रंथ (१८२७–३८) पाच-पाच चित्रांच्या ८७ भागांत निघाला. पक्षी मूळ आकारात दाखविण्याच्या हट्टापायी त्याचे पान सुमारे एक मीटर उंच झाले, तरीही रोहित पक्ष्याला मान खाली वाकवूनच बसवावे लागले. मजकूर असलेल्या पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना विनामूल्य द्याव्या लागत असल्याने मजकूर निराळा छापून हा खर्च टाळण्यात आला. आज त्याच्या सुमारे १२० पूर्ण प्रती ज्ञात असून, २०१० मध्ये लंडनच्या लिलावात एका प्रतीला ७३ लाख पौंडांहून अधिक किंमत आली. भागशः प्रकाशनामुळे एखाद-दुसरे चित्र गहाळ असणे नेहमीचेच. म्हणून खरेदीपूर्वी चित्रे व पाने एकेक करून मोजणे अनिवार्य असते. दोन अपुऱ्या प्रतींतून एक पुरी केलेली प्रतही अशा तपासणीत उघडी पडू शकते.

बांधणी करताना भागांची कागदी वेष्टने बहुधा फेकून दिली जात, आणि प्रकाशनाची खरी तारीख नेमकी त्यांवरच असे. आतील शीर्षकपानावरील साल पुष्कळदा पहिल्या किंवा शेवटच्या भागापुरतेच खरे असते. एकाच प्राण्याला दोघांनी निरनिराळी शास्त्रीय नावे दिली असतील, तर सर्वसाधारणपणे आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरतात. प्राणिनामांसाठी ही गणना स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस यांच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १ जानेवारी १७५८ पासून होते. केवळ सालच ठाऊक असेल तर त्या सालाचा शेवटचा दिवस धरावा असा नियम आहे. साहजिकच कोणा संग्राहकाने जपलेल्या मळकट वेष्टनावरील महिन्यामुळे एखादे नाव ग्राह्य ठरून टिकू शकते. १८५० पर्यंतच्या प्राणिनामांची प्रचंड सूची करणारे चार्ल्स डेव्हिस शेरबॉर्न यांनी जुन्या ग्रंथांच्या तारखा लावण्यात आयुष्याची बरीच वर्षे घालविली.

सर्वच मौल्यवान ग्रंथ चित्रांमुळे मौल्यवान नसतात. डार्विन यांच्या जातींच्या उगमाविषयीच्या ग्रंथात (१८५९) एकच आकृती आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या १,२५० प्रती छापल्या होत्या आणि विसाव्या पानावरील अकराव्या ओळीत ‘स्पीशीज’ या शब्दात पडलेले एक जादा अक्षर ही तिची खूण मानली जाते.

सचित्र ग्रंथांचा मोठा शत्रू कसर किंवा दमट हवा नसून त्यांची स्वतःची चित्रेच होत. सुटी चित्रे चौकटीत बसवून विकल्यास त्यांची बेरीज अखंड ग्रंथाच्या किमतीपेक्षा अधिक भरते, म्हणून अनेक प्रती फोडल्या गेल्या. अपुरी प्रत आधीच बिघडलेली आहे, ही त्यासाठीची सबब काही संग्राहकांना आजही पटत नाही. २००६ मध्ये स्थापन झालेल्या ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या उपक्रमामुळे असे असंख्य ग्रंथ संगणकावर विनामूल्य वाचता येतात. मात्र तेथे दिसते ती कोणत्या तरी एका ग्रंथालयाची, बहुधा बांधलेली प्रत. वेष्टनांसाठी व रंगातील फरकांसाठी तारखांचे अभ्यासक अजूनही निरनिराळ्या प्रती शेजारी-शेजारी ठेवून पाहतात, आणि त्यांतील काही खासगी कपाटांतून आलेल्या असतात.