डॅशबोर्डवरील काटे आणि दिवे

मोटारगाडी किंवा दुचाकी चालवणाऱ्याला वेग, टाकीतले इंधन, इंजिनाचे तापमान आणि यंत्रणेतले बिघाड बसल्या जागी कळावेत म्हणून नजरेसमोर बसवलेली मापके व इशारा देणारे दिवे. गॅरेजात या सगळ्या संचाला नुसते ‘मीटर’ म्हणतात. डॅशबोर्ड हा शब्द घोडागाडीच्या काळातला. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे आडवी फळी लावत, ती डॅशबोर्ड. घोडा गेला, इंजिन आले, फळी मात्र जागेवरच राहिली आणि तिच्यावर एकेक मापक बसत गेले.

काटा किंवा दिवा सांगतो ते एवढेच, की अमुक ठिकाणी बसवलेल्या एका सेन्सरला किंवा स्विचला या घडीला काय जाणवते आहे. ऑइलचा दिवा दाब पाहतो. ऑइल किती उरले याची त्याला खबर नसते. पेट्रोलचा काटा टाकीतल्या तरंगत्या गोळ्याची उंची पाहतो. कोण कशाकडे पाहतो हे माहीत असले, की त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा तेही समजते. म्हणून या नोंदीत चिन्हांची यादी देण्यापेक्षा त्यांच्यामागच्या रचनेवर भर दिला आहे.

जुन्या पद्धतीचा वेगमापक ही यातली सर्वांत देखणी रचना. जर्मनीत ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि शंभर वर्षे ती जगभर चालली. गिअरबॉक्समधून किंवा स्कूटरच्या पुढच्या चाकातून एक पीळदार केबल मीटरपर्यंत येते आणि तिथे छोटे चुंबक फिरवते. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची पातळ वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही, शिवाय अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटणारा धातूही नव्हे. तरी चुंबक फिरू लागले की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात, ते चुंबकामागे ओढले जातात आणि वाटी वळू लागते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ओढ आणि स्प्रिंग यांची जिथे बरोबरी होते तिथे काटा थांबतो. एकूण किलोमीटर मोजणारे आकडे त्याच केबलवर, दातेरी चाकांनी फिरतात.

गोव्यात समुद्रकाठी वापरलेल्या जुन्या स्कूटरवर या केबलचे हाल नेमके दिसतात. खारी हवा आणि वाळू आत शिरली की ग्रीस सुकते, केबल अडखळत फिरते आणि काटा वीस ते चाळीसच्या मध्ये थरथरू लागतो. पुढे एके दिवशी केबल तुटते, काटा शून्यावर पडतो आणि त्याबरोबर किलोमीटरचे आकडेही गोठतात. अशी स्कूटर वर्षभर चालवून विकली तरी मीटर जुनाच आकडा दाखवतो. किनाऱ्याकडची जुनी दुचाकी घेताना म्हणूनच मीटरवरचा आकडा वाचण्याआधी पुढचे चाक फिरवून काटा हलतो का ते पाहावे.

आताच्या गाड्यांत केबल नसते. चाकाजवळचा किंवा गिअरबॉक्समधला सेन्सर स्पंद मोजतो आणि मीटरमधली छोटी स्टेपर मोटर काट्याला पावलापावलाने सरकवते. काही गाड्यांत चावी लावताच सगळे काटे एकदा टोकापर्यंत जाऊन येतात ते याच मोटरमुळे. वेग मात्र आजही चाकाच्या फेऱ्यांवरूनच काढला जातो, त्यामुळे टायर झिजला की हिशेब थोडा चुकतो. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि झिजलेल्याची १.६ धरली, तर चाकाचा व्यास सुमारे १३ मिलिमीटरने घटतो. लहान गाडीत ही घट दोन टक्क्यांच्या आसपास जाते आणि काटा तेवढा जास्त दाखवतो. तो कमी दाखवता कामा नये, हे पथ्य उत्पादक मुद्दाम पाळतात. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या वाहन-नियमानुसार दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी असून चालत नाही. जास्तीची सूट मात्र खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकी आहे. म्हणजे खरा वेग ८० असताना काटा ९२ वर असला तरी तो नियमात बसतो. भारतात १ जुलै २०१९ पासून बनलेल्या मोटारींत ८० च्या पुढे थांबून-थांबून आणि १२० च्या पुढे सलग वाजणारा इशाराही सक्तीचा झाला. पणजीच्या अटल सेतूवर रस्ता मोकळा मिळाला की जी टुणटुण सुरू होते, ती हीच.

इंधनाचा काटा साधा आहे आणि त्यामुळेच ढोबळही. टाकीत तरंगणारा गोळा एका दांडीला जोडलेला असतो. दांडी रोधपट्टीवर सरकते, रोध बदलतो, त्या प्रमाणात काटा हलतो. वळणावर पेट्रोल डचमळले की काटा नाचू नये म्हणून तो जाणूनबुजून सुस्त ठेवलेला असतो. जुन्या मीटरमध्ये काट्यामागे दोन धातूंची जोडपट्टी असे. ती तापून वाकायला वेळ लागे आणि तो उशीरच काट्याला स्थिर ठेवी. रायबंदरच्या धक्क्यावर चोडण बेटाच्या फेरीबोटीसाठी उतरणीवर गाडी लावून रांगेत बराच वेळ उभे राहिले, की काटा हळूच सरकलेला दिसतो. पेट्रोल टाकीच्या एका बाजूला गेलेले असते आणि गोळा त्याच्याबरोबर वर किंवा खाली गेलेला असतो. फेरीत सपाटीवर आल्यावर काटा पूर्वीच्या जागी येतो. टाकी वेडीवाकडी असली तर काटा निम्म्यावर म्हणजे पेट्रोल निम्मे, हाही हिशेब जुळत नाही. दिवा लागेपर्यंत गाडी चालवण्याची सवय मात्र वाईट. इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवते.

पंपाच्या चित्राशेजारचा छोटा बाण टाकीचे झाकण कोणत्या बाजूला आहे ते दाखवतो. ही कल्पना फोर्ड कंपनीतल्या जिम मॉयलन यांनी १९८६ मध्ये सुचवली. भाड्याची गाडी घेऊन पहिल्यांदाच पेट्रोल पंपावर शिरणाऱ्या पाहुण्यांची तिने रोज सोय केली आहे.

पायलटांच्या जुन्या मोटरसायकलींना इंधनाचा काटाच नसे. पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची दुचाकी घेऊन प्रवासी नेणारा गोव्यातला टॅक्सीवाला. त्याच्या टाकीखालच्या कॉकला दोन नळ्या असत, एक उंच आणि एक तळाशी. उंच नळीचे पेट्रोल संपले की इंजिन गचके खाई, पायलट चालत्या गाडीवरच हात खाली नेऊन कॉक फिरवी आणि ‘रिझर्व्ह लागली’ म्हणून पुढचा पंप गाठी. इशारा देणारे ते मापकच होते, आणि त्यात बिघडण्याजोगे काही नव्हते.

तापमानाचा काटा सर्वांत शांत दिसतो आणि सर्वांत जास्त फसवतो. इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, म्हणजे कूलंटमध्ये, थर्मिस्टर बुडालेला असतो. तापला की त्याचा रोध घटतो. एका प्रचलित प्रकारात २० अंश सेल्सिअसला अडीच हजार ओहमच्या आसपास असलेला रोध ८० अंशांना तीनशेपर्यंत उतरतो. हा बदल सरळ दाखवला तर काटा दिवसभर वरखाली होईल आणि लोक घाबरतील. म्हणून पुष्कळ उत्पादक मीटरलाच शिकवून ठेवतात, की साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंत काटा मध्यावरच रोखायचा. साखळीहून केरीला अंजुणे धरणाजवळून चोर्ला घाट चढताना हे जाणवते. पुढे ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, रेडिएटरवर वारा नाही. फॅन पुन्हा पुन्हा घोंघावत लागतो, म्हणजे कूलंट तापते आहे, आणि काटा मात्र निम्म्यावर ढिम्म. तो हलतो तेव्हा मधली सगळी सवलत संपलेली असते. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाही नाही; इंजिन गार असताना निळा दिवा आणि अति तापल्यावर लाल, एवढेच.

आणखी एक धोका असा, की पाइप फुटून कूलंट वाहून गेले तर थर्मिस्टर हवेत उघडा पडतो आणि इंजिन भाजत असताना तापमान कमी दाखवू शकतो. गोडसर वास येऊ लागला, बॉनेटमधून वाफ दिसली, तर काट्याचे ऐकू नये. एसी बंद करून, हीटर पूर्ण चालू करून, जागा मिळताच गाडी बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. त्या झाकणाने आत हवेच्या दाबाइतकाच जास्तीचा दाब धरलेला असतो, त्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो आणि उकळते पाणी उसळून तोंडावर येते.

दिव्यांचे रंग आंतरराष्ट्रीय संकेताने ठरले आहेत आणि चिन्हे आयएसओ २५७५ या मानकात दिली आहेत. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा व निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढीच माहिती.

लाल दिव्यांत ऑइलच्या किटलीचा दिवा सर्वांत गंभीर. इंजिनावर एक दाबस्विच असतो. दाब नसताना स्प्रिंग त्याचे टोक जोडून ठेवते, म्हणून चावी लावल्यावर दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या वर गेला की टोक सुटते आणि दिवा विझतो. इतका कमी दाब म्हणजे इंजिनाची जेमतेम तग, धडधाकटपणा फार पुढचा. चालत्या गाडीत हा दिवा लागला म्हणजे बेअरिंगवरचा ऑइलचा थर फाटू लागला आहे, आणि इंजिन जाम व्हायला काही मिनिटे पुरतात. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ’ हा विचार इथे करूच नये. घाटातल्या वळणावर दिवा क्षणभर लुकलुकून विझला, तर ऑइल कमी झाल्याने पंप हवा ओढतो आहे, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. गाडी सपाटीवर लावून ऑइलची पट्टी काढून पातळी पाहावी.

बॅटरीच्या चिन्हाचा दिवाही बॅटरीविषयी नाही, तो चार्जिंगविषयी आहे. जुन्या रचनेत या दिव्याचे एक टोक चावीमार्गे बॅटरीला आणि दुसरे आल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला, जोडलेले असते. इंजिन बंद असताना आल्टरनेटरकडे विजेचा दाब शून्य, म्हणून प्रवाह वाहतो आणि दिवा लागतो. तोच बारीक प्रवाह आल्टरनेटरला सुरुवातीचे चुंबकत्व देतो. आल्टरनेटर फिरून चौदा व्होल्टच्या आसपास देऊ लागला की दोन्ही टोके सारखी होतात, प्रवाहाला वाहायला कारणच उरत नाही आणि दिवा विझतो. हा दिवा आणि तापलेला काटा एकदम दिसले तर बेल्ट तुटला असे समजावे, कारण पुष्कळ इंजिनांत आल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर फिरतात.

ब्रेकचा लाल दिवा दोन कारणांनी लागतो. हँडब्रेक ओढलेला असणे हे एक. फेरीत गाडी लावताना तो लागतो, उतरताना विसरला तर लागलेलाच राहतो. दुसरे कारण ब्रेक-ऑइल खाली जाणे. पॅड झिजले की ऑइल आपोआप खाली बसते, म्हणून नुसते ऑइल ओतून दिवा विझवणे चूक; आधी पॅड आणि गळती पाहावी.

पिवळ्यांपैकी एबीएसचा (जोरात ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा गोव्यात पावसाळ्यात पुष्कळदा दिसतो. चाकाजवळचा सेन्सर फिरणाऱ्या दातेरी कड्याकडे पाहतो. सत्तरी, डिचोली, धारबांदोड्याकडच्या तांबड्या चिखलाचा थर त्या फटीत बसला की एका चाकाचा वेग कळेनासा होतो आणि यंत्रणा स्वतःला बंद करून दिवा लावते. साधे ब्रेक चालू असतात, पण चाक लॉक होणार नाही ही हमी जाते. पुष्कळदा धुतल्यावर दिवा जातो. एबीएस, स्टिअरिंग आणि एअरबॅग असे दिवे एकदम पेटले तर तीन बिघाड एकाच दिवशी झाले असे मानण्याआधी बॅटरीची टोके आणि बॉडीची अर्थिंगची तार पाहावी. खाऱ्या दमट हवेत तिथे हिरवट-पांढरी बुरशी धरते आणि कमी व्होल्टवर सगळे कंट्रोलर तक्रार करू लागतात.

इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा धुरातल्या प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक आल्यावर ही यंत्रणा दुचाकींतही आली. दिवा लागताना संगणक एक संकेतांक साठवतो. पी०३०० म्हणजे सिलिंडरमधले ज्वलन अधूनमधून चुकते आहे. गॅरेजात स्कॅनर लावून तो वाचतात. दिवा स्थिर असेल तर घरी जाता येते. लुकलुकत असेल तर न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आहे आणि तो महाग भाग जळू शकतो. वेग कमी करून थांबावे. डिझेल गाडीतला स्प्रिंगसारखा पिवळा दिवा फक्त ग्लो प्लग (सिलिंडर आधी गरम करणारे प्लग) तापत असल्याचे सांगतो, विझला की स्टार्टर मारावा. बीएस-६ डिझेलमध्ये काजळीच्या गाळणीचाही दिवा असतो. गाडी फक्त पणजी-मळा-पणजी अशीच फिरत असेल तर गाळणी जळून साफ होण्याइतकी तापत नाही. महामार्गावर एका लयीत थोडा वेळ चालवली की बहुधा तो दिवा जातो.

विजेच्या गाडीत टाकीत तरंगा सोडता येत नाही. बॅटरीत किती वीज गेली आणि किती आली याचा जमाखर्च मांडून टक्के दाखवले जातात. कासवाचे चित्र दिसले तर शक्ती कमी करून गाडी चालवली जाते आहे.

चावी ‘ऑन’ करताच, इंजिन सुरू होण्याआधी, हे बहुतेक दिवे एकत्र लागतात. प्रत्येकाचा बल्ब जिवंत आहे याची ती हजेरी. कोणता लागला नाही हे पाहण्याची हीच एक वेळ, आणि बहुतेक जण त्याच क्षणी स्टार्टर मारतात. म्हापशात एका ओळखीच्याने जुनी मोटार घेतली तेव्हा आम्ही दोघे हजेरी पाहायला बसलो. ऑइल लागले, बॅटरी लागली, हँडब्रेक लागला. इंजिनाच्या चित्राची जागा काळीच. मेकॅनिकने मीटर उतरवून मागे पाहिले. त्या खोबणीतला बल्ब कोणीतरी काढून घेतला होता. दुसरा बसवला, चावी फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू झाल्यावर बाकीचे विझले, तो तसाच पिवळा राहिला.