हिरवा कनेक्टर, निळा कनेक्टर

घरी फायबरचं इंटरनेट असेल तर भिंतीवरच्या डबीत जाणारी बारीक केबल पाहा. तिच्या टोकाचा कनेक्टर बहुधा हिरवा असतो. बाजारात तसाच निळाही मिळतो आणि त्याच खाचेत तो बिनतक्रार बसतो. मग रंगात काय आहे? फरक आहे तो आतल्या पांढऱ्या सिरॅमिक नळीच्या टोकाला.

ही नळी 2.5 मिलिमीटर जाडीची. तिच्या मधोमध 125 मायक्रॉनची काच, आणि प्रकाश धावतो तो त्या काचेतल्या जेमतेम 9 मायक्रॉनच्या गाभ्यातून. असे दोन गाभे समोरासमोर भिडवायचे आहेत.

टोकं सपाट घासली तर? कागदावर झकास. प्रत्यक्षात सपाट पृष्ठभाग कुठेतरी कडेला टेकतात आणि गाभ्यांमध्ये हवेची फट उरते. काचेतून हवेत जाताना सुमारे 3.5 टक्के प्रकाश मागे फिरतो, हवेतून काचेत शिरताना पुन्हा तेवढाच. म्हणजे 7 टक्के, तंत्रज्ञांच्या भाषेत 0.3 डीबी लॉस. फट मायक्रॉनभराची असेल तर आणखी गंमत. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात, तसाच खेळ इथे होतो. दोन्ही परावर्तनं कधी एकमेकांना खोडतात, तर कधी मिळून 13 टक्क्यांपर्यंत जातात. फट जराशी हलली की सिग्नल बदलला!

म्हणून निळ्या कनेक्टरचं टोक किंचित घुमटाकार घासतात. स्प्रिंगच्या दाबाने घुमटांचे माथे एकमेकांवर चेपतात आणि हवेला जागाच राहत नाही. माथा गाभ्यावरच यायला हवा. साधारण 50 मायक्रॉनहून जास्त सरकला की माल नापास. चांगल्या जोडात परतणारा प्रकाश लाखात एक भाग.

हिरव्यात घुमट आहेच, शिवाय टोक 8 अंशांनी तिरकं. मला ही युक्ती फार आवडते, कारण ती परावर्तन रोखायच्या फंदात पडत नाही. मागे फिरलेला किरण 16 अंशांनी कलतो, गाभ्याला तो धरून ठेवता येत नाही, आणि तो बाजूच्या काचेत विरून जातो. प्रकाश पाठवणाऱ्या लेसरपर्यंत परत पोचतो दहा लाखांत एक भाग, किंवा त्याहूनही कमी.

हिरव्याला निळा जोडला, तर तिरक्या टोकासमोर सरळ टोक येतं आणि मधे पाचरीसारखी फट राहते. निम्म्याहून जास्त प्रकाश तिथेच गळू शकतो. ‘क्लिक’ मात्र नेहमीसारखाच ऐकू येतो.