बंब (ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील)

बंब : लाकूड, कोळसा किंवा गोवऱ्या जाळून स्नानाचे पाणी तापवण्याचे तांब्याचे अथवा पितळेचे उभे भांडे. महाराष्ट्रात ते सर्वत्र परिचित आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत मात्र त्याचे महत्त्व तेथील थंडीमुळे आणि वाड्याच्या बांधणीमुळे अधिक वाढले. दौलतराव शिंदे यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस कायमची स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. छावणीबरोबर आलेल्या सरदार, कारकून आणि भिक्षुक कुटुंबांनी घरे बांधली ती मध्ये मोकळा चौक ठेवून, पण छपराला तेथल्याच वालुकाश्माच्या लांब पटिया घालून. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत येथे पहाटेचे तापमान अनेकदा ५° से. च्या खाली उतरते, धुके दाटते आणि उघड्या हौदातले पाणी हात लावू देत नाही. ऊन पडले की दुपार सुखाची जाते. त्यामुळे संपूर्ण घर तापवण्याची यंत्रणा कोणी उभारली नाही. पाण्यासाठी बंब आणि खोलीसाठी शेगडी अशी विभागणी रूढ झाली.

रचना : बाहेरचे नळकांडे आणि त्याच्या मधोमध तळापासून वरपर्यंत गेलेली नळी, असे बंबाचे दोन मुख्य भाग असतात. पाणी या दोहोंमधल्या पोकळीत भरतात आणि विस्तव नळीत असतो. नळीच्या तळाशी लोखंडी जाळी, तिच्याखाली राख पडण्याची व हवा आत शिरण्याची जागा, बाजूला तोटी, वर पाणी ओतण्याचे झाकणाचे तोंड आणि उचलण्यासाठी कड्या असतात. चुलीवरच्या हंड्याला आच फक्त बुडाशी लागते व पुष्कळशी उष्णता कडेने निसटते. बंबात विस्तवाला सर्व बाजूंनी पाण्याचा वेढा असतो, शिवाय तीच नळी धुरांड्याचे काम करून खालून हवा ओढून घेते. तांबे उष्णता फार चांगली वाहून नेते, हा आणखी एक फायदा. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, त्यामुळे तळाशी बसवलेल्या तोटीतून पहिले तांब्याभर पाणी कोमटच येते. हिमाचल प्रदेशातील हमाम या भांड्यात ही अडचण उलट वापरून घेतली आहे : नरसाळ्यातून गार पाणी ओतले की ते आत जाऊन तितकेच ऊन पाणी बाहेर ढकलते. भांडे रिकामे राहण्याचा धोकाही त्यामुळे टळतो.

जळण : नळी अरुंद असल्यामुळे मोठे ओंडके चालत नाहीत. ढलप्या, काटक्या, गोवरीचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, लाकडी कोळसा यांवर बंब चालतो. ग्वाल्हेरच्या आसपासच्या जंगलातील करधई आणि खैर, तसेच चंबळच्या बेहडांत (घळींच्या प्रदेशात) माजलेली विलायती बाभूळ यांचे लाकूड टालीवर (लाकडाच्या वखारीत) मिळे. त्याचे बारीक तुकडे करून घेणे हे बंब असलेल्या घरातले थंडीपूर्वीचे कामच होते. २० लिटर पाणी १२° पासून ५०° से. पर्यंत तापवण्यास सुमारे ३,२०० किलोज्यूल उष्णता लागते. विजेच्या हिशेबात ते एका युनिटपेक्षा थोडे कमी होते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोतून साधारण १६,००० किलोज्यूल उष्णता निघते. तिचा तिसरा हिस्सा जरी पाण्यात उतरला तरी सुमारे ६०० ग्रॅम लाकडात काम होते. लाकूड ओले असेल तर उष्णतेचा मोठा वाटा त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्च होतो आणि धूर मात्र दुपटीने होतो.

धुराचा दोष केवळ ओल्या लाकडाचा नाही, तो रचनेतही आहे. पाणी उकळले तरी नळीची भिंत १०० अंशांच्या फारशी वर जात नाही, त्यामुळे तिला लागणारे लाकडातले वायू पुरते जळण्याआधीच निवतात आणि काजळीचा चिकट थर जमतो. उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत घराबाहेर खोपटासारखा लाकडी बॉयलर बसवून त्यातले ऊन पाणी जमिनीखालच्या, उष्णतारोधक वेष्टनाच्या नळ्यांतून घरभर फिरवतात. त्यांतही जळणाच्या पेटीला पाण्याचाच वेढा असतो आणि दोषही हाच आहे. किंबहुना पाणी पुरेसे तापले की हवेची झडप बंद होऊन लाकूड तासन्‌तास धुमसत राहत असल्याने तो अधिक तीव्र होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ मध्ये या बॉयलरांसाठी ऐच्छिक आणि २०१५ मध्ये सक्तीची मानके आणली, ती २०२० पासून आणखी कडक झाली. बंब अर्ध्या-पाऊण तासात विझतो आणि त्याची आग कोणी कोंडत नाही, एवढाच काय तो त्याच्या बाजूचा मुद्दा. धूर मात्र चौकातून वर जाई, म्हणूनच तो सुसह्य होता.

शेगडी : स्नाने आटोपली की जाळीवरचे निखारे लोखंडी शेगडीत किंवा जुन्या घमेल्यात काढून ओसरीवर नेत, वडीलधारी माणसे तेथे हात शेकत बसत. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडीसाठी हेच निखारे जात आणि त्यांवर ओवा, वावडिंग टाकून धुरी देत. या प्रथेतला धोका स्पष्टपणे नोंदवला पाहिजे. धूर न दिसणाऱ्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग वा वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्टपणे जोडला जातो. दारे-खिडक्या लावून, शेगडी उशाशी ठेवून झोपल्याने उत्तर भारतात दर हिवाळ्यात मृत्यू होतात. जुन्या घरांच्या दारांना फटी असत व झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर काढण्याचा दंडक होता. आताच्या घट्ट बसणाऱ्या खिडक्यांच्या खोलीत हा दंडक पाळूनही पुरेशी सुरक्षितता मिळत नाही, हवा खेळती असावीच लागते.

निगा : आधी पाणी, मग विस्तव, हा बंबाचा पहिला नियम. पाणी नसता जाळ लागला तर झाळलेले सांधे सुटतात व नळी गळू लागते. अशी नळी दुरुस्त करणे जिकिरीचे असते. विहिरीच्या व कूपनलिकेच्या कठीण पाण्यामुळे आतून क्षारांचा थर चढतो, तो उष्णता अडवतो आणि पाणी तापण्यास दरवर्षी थोडा अधिक वेळ लागू लागतो. बाहेरून बंब चिंच आणि राखेने घासतात. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी तो लखलखीत घासून, झेंडूची माळ घालून, भरून ठेवण्याची पद्धत ग्वाल्हेरकडच्या घरांतही होती, कारण दुसऱ्या पहाटेच्या अभ्यंगस्नानाचे पाणी त्यातच तापे.

ऱ्हास : विजेचा रॉड, गॅसचा व विजेचा गीझर यांनी बंब मागे सारला असे सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. वाडे पाडून सदनिका झाल्या तेव्हा चौक गेला, आणि धुराला वर जाण्यास वाट नसलेल्या स्नानगृहात बंब पेटवणे अशक्य झाले. तांब्याचा भाव चढत गेला तसे अनेक बंब मोडीत गेले. काही दिवाणखान्यात शोभेसाठी उभे आहेत. त्यांच्या जागी आलेले जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडी पत्र्याचे बंब स्वस्त असले तरी आगीच्या नळीपाशी लवकर गंजतात. तरीही मोठ्या आकाराचे बंब, जेथे लग्नाच्या बिऱ्हाडाला सकाळी एकाच वेळी पुष्कळ ऊन पाणी लागते, अशा ठिकाणी अंगणात पेटलेले आढळतात; धुक्याच्या दिवसांत गच्चीवरचे सौर तापक निकामी ठरले की त्यांचा उपयोग विशेष जाणवतो.